इंजिनाचा ताप आणि कांट्याची साक्ष



घरांत मूल मलूल दिसलें कीं आपण प्रथम त्याच्या कपाळावर हात ठेवतों आणि मग थर्मामीटर लावतों. समजा, मूल अंगणांत हुंदडत आहे, भूक लागली म्हणून हट्ट करीत आहे, आणि थर्मामीटर मात्र १०६ अंश ताप दाखवीत आहे. अशा वेळीं कोणतीहि शहाणी आई मुलाला बर्फाच्या पाण्यांत बसवीत नाहीं. ती थर्मामीटर पुसून पुन्हां लावते. उलटपक्षीं, मूल ग्लानींत पडलें आहे, अंग चटके देत आहे, आणि थर्मामीटर ९८ वर थांबला आहे, तर तीच आई त्या आंकड्यावर विसंबून स्वस्थ बसत नाहीं. रोगी आणि तापमापक ह्या दोन वेगळ्या वस्तु आहेत, हें तिला कोणी शिकवावें लागत नाहीं.

हीच विवेकबुद्धि आपण मोटारगाडीच्या बाबतींत मात्र घरीं ठेवून निघतों. समोरच्या फळीवरचा कांटा वर गेला कीं आपण घाबरतों, आणि तो मध्यावर असला कीं निश्चिंत होतों. कांटा हा केवळ साक्षीदार आहे. तो खरें सांगत आहे कीं नाहीं, हें उलटतपासणीशिवाय कळत नाहीं, हा विचार आपल्या मनाला शिवत नाहीं. ह्या आळसाची किंमत दोन तऱ्हांनीं द्यावी लागते. साक्षीदार खोटा असतां त्यावर विश्वास ठेवला तर निरोगी इंजिनाचे भाग बदलण्यांत पैसा जातो. साक्षीदार खरा असतां त्याकडे दुर्लक्ष केलें तर इंजिनाचें हेड वांकतें, गॅस्केट जळतें, आणि बायकामुलांसह भर घाटांत रात्र काढण्याची पाळी येते. म्हणून ही उलटतपासणी कशी करावी, हें आज डीझेल गाडीपुरतें पाहूं.

प्रथम रोग्याची प्रकृति समजून घेऊं. रुडोल्फ डीझेल ह्या जर्मन यंत्रविशारदानें आपल्या इंजिनाचें पेटंट १८९२ मध्यें मागितलें, आणि १८९७ मध्यें ऑग्सबुर्ग येथें त्याचें इंजिन समाधानकारक रीतीनें चाललें. प्रवासी मोटारींत तें आणणारी पहिली प्रसिद्ध गाडी म्हणजे १९३६ मध्यें निघालेली मर्सिडीज-बेंझ २६० डी. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगीनें जाळ होतो. डीझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. तेथें नुसती हवा इतकी दाबली जाते कीं ती ५०० अंश सेल्सिअसच्याहि वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेंत तेलाचा फवारा मारतांच तें आपोआप पेट घेतें. म्हणजे उष्णता हाच डीझेलचा प्राण. इंजिन फार थंड असेल तर तें सुरू होण्यास कुरकुरतें, आणि फार तापलें तर स्वतःचा नाश करतें. शिवाय डीझेल इंजिन काटकसरी असल्यामुळें वायां जाणारी उष्णता त्याजवळ बेताचीच असते. नुसतें उभ्याउभ्या चालू ठेवलें तर तें तापावयास फार वेळ लावतें. हा स्वभाव ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

इंजिनाभोंवतीं जें पाणी खेळतें त्यास आपण आतां सर्रास कूलंट म्हणतों. तें शुद्ध पाणी नसून त्यांत एथिलीन ग्लायकोल मिसळलेलें असतें. निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाहीं, आणि साध्या पाण्याहून कांहीं अंश उशिरां उकळतें. त्यावर दाबाचें झांकण बसविलेलें असल्यामुळें उकळबिंदु आणखी वर जातो. हवेच्या दाबावर आणखी तेवढाच दाब दिला तर साधें पाणीहि १०० ऐवजीं सुमारे १२० अंशांवर उकळतें. ह्याच कारणास्तव तापलेल्या गाडीचें झांकण कधींहि उघडूं नये. झांकण फिरतांच दाब नाहींसा होतो, आणि क्षणापूर्वीं शांत दिसणारें पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येतें.

ह्या पाण्याच्या वाटेवर एक द्वारपाल बसलेला असतो. त्याचें नांव थर्मोस्टॅट. त्याच्या पोटांत मेण असतें. इंजिन थंड असतांना तो रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो, म्हणून पाणी इंजिनांतल्या इंजिनांत फिरून लवकर तापतें. बहुतेक गाड्यांत ८० ते ९० अंशांच्या दरम्यान हें मेण वितळूं लागतें, फुगतें, आणि दार उघडतें. पुढें तापमान चढलें तर दार अधिक उघडतें, उतरलें तर मिटतें. निरोगी इंजिनाचें तापमान ९० च्या आसपास स्थिर राहतें तें ह्या द्वारपालाच्या इमानदारीमुळें.

आतां साक्षीदाराकडे वळूं. अमेरिकेंत १९१२ मध्यें पेटंट झालेला बॉइस ह्यांचा मोटोमीटर रेडिएटरच्या झांकणावर, गाडीच्या नाकासमोर बसवीत, आणि चालक आसनावरून त्याकडे पाहत असे. तो पाण्यांत बुडालेला नसून पाण्यावरच्या वाफेची उष्णता सांगत असे. तापमापक जेथें उभा आहे तेथलीच हकीकत सांगतो, हा धडा त्या जुन्या उपकरणानें दिला. आणि तो आजच्या गाडीसहि तंतोतंत लागू आहे.

आजचा सेन्सर म्हणजे पितळी किंवा प्लास्टिकच्या टोपणांतील एक लहानसा खडा होय. त्यास थर्मिस्टर म्हणतात. तांब्याची तार तापली कीं तिचा विजेला होणारा अवरोध वाढतो, हें आपण शाळेंत शिकतों. परंतु कांहीं पदार्थांत नेमकें उलट होतें. मायकेल फॅरडे ह्यांनीं १८३३ मध्यें सिल्व्हर सल्फाइडच्या बाबतींत हें नोंदविलें होतें. थर्मिस्टर ह्याच कुळांतला. युरोपीय गाड्यांत पुष्कळ ठिकाणीं आढळणाऱ्या एका नमुन्यांत हा अवरोध २० अंशांवर सुमारे २,५०० ओहम असतो, ८० अंशांवर तो ३२५ च्या जवळपास येतो, आणि १०० अंशांवर १९० च्या आंत जातो. आपल्या गाडीचे आंकडे वेगळे असूं शकतील. ते तिच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत पाहावे. पण दिशा मात्र तीच: थंडींत अवरोध मोठा, उष्णतेंत लहान.

गाडींतील संगणक, ज्यास मेकॅनिक ईसीयू म्हणतात, तो पांच व्होल्टची वीज एका ठराविक अवरोधांतून ह्या खड्याकडे धाडतो आणि खड्यापाशीं किती व्होल्ट उरले तें मोजतो. पुष्कळ उरले तर पाणी थंड. थोडे उरले तर पाणी गरम. ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. तार तुटली तर अवरोध जणूं अनंत होतो, आणि संगणकास वाटतें कीं इंजिन हिमालयांत गोठलें आहे. दोन तारा एकमेकींस चिकटल्या तर अवरोध शून्य होतो, आणि त्यास वाटतें कीं इंजिन भट्टींत पडलें आहे. दोन्ही वेळां इंजिनास कांहींच झालेलें नसतें. झालेलें असतें तें तारेस.

संगणक हा आंकडा केवळ शोभेसाठीं मागत नाहीं. हीटर-प्लग, ज्यांस पुस्तकांत ग्लो-प्लग म्हणतात, ते किती वेळ तापवावयाचे, सुरू होतांना तेल किती सोडावयाचें, पंखा केव्हां फिरवावयाचा, धुराचा कांहीं भाग परत इंजिनांत घ्यावयाचा कीं नाहीं, हें सर्व ह्या आंकड्यावर ठरतें. काजळी अडविणारी गाळणी ज्या नव्या डीझेल गाड्यांत असते, त्यांत इंजिन पुरेसें तापल्याशिवाय ती काजळी जाळण्याचें काम संगणक हातीं घेत नाहीं. भारतांत १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आल्यावर अशी गाळणी डीझेल मोटारींत सर्वत्र दिसूं लागली. म्हणून थर्मोस्टॅट उघडाच राहिला किंवा सेन्सर थंडीच सांगत राहिला, तर तक्रार कधीं कधीं कांट्यावर न दिसतां गाळणी वारंवार तुंबण्याच्या रूपानें दिसते. रोग एकीकडे आणि लक्षण दुसरीकडे, असा हा प्रकार आहे.

आतां एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. स्कोडा ऑक्टेव्हिया ही गाडी २००१ पासून औरंगाबादजवळ शेंद्रा येथें जुळविली जाऊं लागली. तें शहर आतां छत्रपती संभाजीनगर ह्या नांवानें ओळखलें जातें. त्या पहिल्या पिढींतील १.९ टीडीआय डीझेल इंजिन आणि चौथ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फमधील इंजिन हीं एकाच घराण्यांतलीं. ह्या इंजिनाच्या सेन्सरला चार टोंकें असतात, कारण एकाच टोपणांत दोन थर्मिस्टर शेजारीशेजारी राहतात. एक संगणकास सांगतो, दुसरा समोरच्या कांट्यास. त्यामुळें कांटा ९० वर दिमाखांत उभा असतां संगणकास चुकीची बातमी जात असूं शकते, किंवा ह्याच्या उलटहि होऊं शकतें. रेडिएटरच्या पंख्यासाठीं त्या गाडींत तिसरा, निराळाच स्विच आहे. म्हणजे एका पाण्याबद्दल तीन साक्षीदार, आणि तिघे एकमेकांशीं बोलत नाहींत.

ह्याहून मौजेची गोष्ट अशी कीं, ह्या गाड्यांचा कांटा बुद्ध्याच थोडा मिठास बोलतो. पाणी सुमारे ७५ अंशांपासून सुमारे १०५ अंशांपर्यंत कोठेंहि असलें तरी कांटा ९० वरच राहील अशी योजना करणाऱ्यांनीं करून ठेवली आहे. घाट चढतांना पांचदहा अंश वरखालीं होणें स्वाभाविक असतें, आणि कांटा तेवढा हलला तर ग्राहक उगाच घाबरतो, हें त्यामागचें कारण. अशी योजना इतर अनेक गाड्यांतहि असते. परंतु तिचा परिणाम असा कीं, कांटा मध्यावर आहे एवढ्यावरून पाणी ७६ आहे कीं १०४, हें सांगतां येत नाहीं. खरा आंकडा हवा असेल तर स्टीअरिंगखालच्या सोळा टोंकांच्या जोडणींत लहानसा स्कॅनर लावून तो मोबाइल फोनवर वाचावा. हीं उपकरणें आतां सहज मिळतात, आणि कूलंटचें तापमान हा त्यांतला सर्वांत साधा आंकडा आहे.

आतां उलटतपासणीचे पांच प्रश्न सांगतों. ते ह्याच क्रमानें विचारावे.

पहिला प्रश्न पहाटेचा. गाडी रात्रभर उभी राहिली म्हणजे पाणी, आंत येणारी हवा आणि बाहेरची हवा ह्यांचें तापमान जवळजवळ एक होतें. इंजिन सुरू न करतां केवळ किल्ली फिरवून स्कॅनरवर दोन्ही आंकडे वाचावे. हवा २२ आणि पाणी २४ असेल तर साक्षीदार थंडींत तरी खरा बोलतो. हवा २२ आणि पाणी ४५ असेल तर खोटें कोण बोलतें हें सांगावयास पंडित नको. ह्या तपासणीला ना पाना लागतो, ना पैसा.

दुसरा प्रश्न चढाचा. इंजिन सुरू करून गाडी चालवावी आणि आंकडा कसा चढतो तें शेजारी बसलेल्या माणसानें पाहावें. पाण्याला वस्तुमान आहे. तें सावकाश तापतें आणि सावकाश निवतें. म्हणून आंकडा जिना चढल्यासारखा क्रमानें वर गेला पाहिजे. ८५ वरून एका क्षणांत ४० आणि दुसऱ्या क्षणांत पुन्हां ८५, अशी उडी पाणी मारूंच शकत नाहीं. अशी उडी दिसली कीं दोष तारेंत, जोडणींत किंवा खड्यांत समजावा. रेडिएटरला हात लावूं नये.

तिसरा प्रश्न द्वारपालाला. आंकडा ८५ ते ९० पर्यंत चढून तेथें स्थिरावतो काय? गर्दींत ८८ पर्यंत पोहोंचतो, पण मोकळ्या रस्त्यावर किंवा बोरघाट उतरतांना ६५ पर्यंत घसरतो, असें असेल तर सेन्सर बहुधा खरेंच बोलत आहे आणि थर्मोस्टॅट उघडा राहिला आहे. खात्री करावयाची तर इंजिन थंड असतां सुरू करून रेडिएटरकडे जाणारा वरचा रबरी नळ हातानें चांचपावा. आरंभापासूनच तो हळूहळू कोमट होत गेला तर दार उघडें आहे. बराच वेळ गार राहून मग एकदम तापला तर दार ठीक आहे. विजेचा पंखा इंजिन बंद असतांहि अकस्मात फिरूं शकतो, म्हणून हात, पदर आणि सदऱ्याची बाही त्यापासून दूर ठेवावी.

चौथा प्रश्न तारेला. किल्ली बंद करून सेन्सरची जोडणी काढावी आणि पुन्हां किल्ली फिरवून आंकडा वाचावा. पुष्कळ गाड्यांत तो उणे ४० दाखवितो. ह्याचें कारण गमतीचें आहे. स्कॅनरच्या भाषेंत ह्या आंकड्यास ० ते २५५ एवढ्याच जागा असतात, आणि वाचतांना त्यांतून ४० वजा करतात. म्हणून सर्वांत खालची पायरी उणे ४०, आणि सर्वांत वरची २१५. उणे ४० हा आंकडा सेल्सिअस आणि फॅरनहाइट ह्या दोन्ही मापांत एकच असतो, म्हणून स्कॅनर कोणत्याहि मापावर असला तरी तो ओळखतां येतो. कांहीं गाड्यांत दोष कळतांच संगणक आपल्या पदरचा एखादा ठराविक आंकडा दाखवितो, हेंहि ध्यानांत असावें. जोडणी काढल्यावर आंकडा बदलला तर तार जिवंत आहे आणि संशय खड्यावर येतो. कांहींच बदल झाला नाहीं आणि दोषहि नोंदला गेला नाहीं, तर संशय तारेवर किंवा संगणकावर. दोन टोंकें जोडून दुसऱ्या टोंकाची परीक्षा करण्याचीहि रीत आहे, परंतु चार टोंकांच्या सेन्सरमध्यें कोणती जोडी कोणाची हें नकाशावरून पाहिल्याशिवाय ती करूं नये. तें काम जाणत्या मेकॅनिकवर सोपवावें.

पांचवा प्रश्न स्वतः खड्याला, आणि तो स्वयंपाकघरांत विचारतां येतो. सेन्सर काढून त्याचें टोंक पाण्यांत बुडवावें, मल्टिमीटरनें अवरोध मोजावा, आणि पाणी तापवीत न्यावें. अवरोध एकसारखा उतरत गेला आणि पुस्तकांतील आंकड्यांशीं जुळला तर खडा निर्दोष. मुंबईंत पाणी १०० अंशांवर उकळतें, पण महाबळेश्वरीं तें सुमारे ९५ अंशांवरच उकळतें, हें विसरूं नये. नाहींतर बिचाऱ्या खड्यावर विनाकारण खोटेपणाचा आरोप यावयाचा. थर्मोस्टॅटचीहि परीक्षा अशीच भांड्यांत टांगून करतात. त्यावर छापलेल्या आंकड्याच्या जवळपास तो उघडावयास हवा. मात्र ह्यासाठीं जेवणाचें भांडें वापरूं नये. एथिलीन ग्लायकोल चवीला गोड पण विषारी आहे. सांडलेलें कूलंट पुसून टाकावें, आणि उरलेलें मुलांच्या व मांजरांच्या हातीं पडणार नाहीं असें ठेवावें.

स्कॅनर दोषांचे क्रमांकहि दाखवितो, आणि पुष्कळ दुकानांत तो क्रमांक वाचतांच भाग बदलतात. वस्तुतः क्रमांक हा निकाल नव्हे, ती फिर्याद आहे. पी ०११८ म्हणजे सेन्सरच्या मंडळांतून आलेले व्होल्ट फार अधिक, म्हणजे बहुधा तुटलेली तार किंवा निसटलेली जोडणी. पी ०११७ म्हणजे व्होल्ट फार कमी, म्हणजे बहुधा कोठेंतरी चिकटलेली तार. पी ०११६ म्हणजे आंकडा परिस्थितीशीं जुळत नाहीं. पी ०१२८ म्हणजे पाणी अपेक्षेइतकें तापत नाहीं. येथें पहिला संशय थर्मोस्टॅटवर घ्यावा. ह्यांपैकीं एकहि क्रमांक "सेन्सर बदला" असें म्हणत नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बॉइसच्या मोटोमीटरनें दिलेला धडा आठवा: तापमापक जेथें आहे तेथलेंच सांगतो. नळ फुटून पाणी वाहून गेलें तर सेन्सर उघडा पडतो. त्याच्याभोंवतीं आतां पाणी नसून हवा किंवा वाफ असते, आणि ती त्यास पाण्याइतकी झपाट्यानें उष्णता देत नाहीं. अशा वेळीं इंजिन जळत असतां कांटा खालीं येऊं शकतो! म्हणून घाट चढतांना वर गेलेला कांटा एकाएकीं खालीं आला, आणि हीटर लावला असतां त्यांतून गार वारा येऊं लागला, तर देवाचे आभार मानून पुढें जाऊं नका. गाडी बाजूस घेऊन इंजिन ताबडतोब बंद करा. हीटरलाहि तेंच पाणी लागतें. तो गार पडला ह्याचा अर्थ त्याजकडे पाणी पोहोंचत नाहीं.

कांटा केवळ वर चढला असेल आणि वाफ दिसत नसेल तर प्रथम वातानुकूलन बंद करावें, हीटर पूर्ण उघडावा, आणि सोईच्या जागीं थांबावें. हीटर हा एक लहानसा रेडिएटरच असल्यामुळें तो थोडी उष्णता बाहेर काढतो. आपणांस घाम येईल, पण इंजिन वांचेल. मिनिटभरांत कांटा उतरूं लागला नाहीं, किंवा वाफ दिसली, तर इंजिन बंद करावें. मग झांकणाला हात न लावतां तें पुरतें निवेपर्यंत वाट पाहावी, आणि तापलेल्या इंजिनांत गार पाणी कदापि ओतूं नये. तापलेल्या कांचेच्या पेल्यांत थंड पाणी ओतल्यावर जें होतें तें धातूलाहि होऊं शकतें.

तात्पर्य, साक्षीदार एकटा असेल तर त्यास दुसऱ्याशीं ताडून पाहावें: पाण्यास हवेशीं, कांट्यास स्कॅनरशीं, स्कॅनरला नळावर ठेवलेल्या हाताशीं. दोघांची साक्ष जुळली तर इंजिनाची शुश्रूषा करावी. न जुळली तर आधीं साक्षीदाराची. ह्यांतलें बरेंचसें काम कोणत्याहि गृहस्थास, किंवा त्याच्या शाळेंत जाणाऱ्या मुलीस, सुटीच्या दिवशीं सकाळीं अर्ध्या तासांत करतां येतें. तेवढें करून मगच गाडी दुरुस्तीस न्यावी. "कांटा वर जातो" एवढीच तक्रार घेऊन जाणाऱ्यापेक्षां, "पहाटे पाणी आणि हवा जुळतात, चढ क्रमानें होतो, पण मोकळ्या रस्त्यावर आंकडा ६५ पर्यंत उतरतो" असें सांगणाऱ्याची गाडी लवकर बरी होते, आणि त्याच्या खिशासहि कमी चटका बसतो.